रंगाचा रकाना

कोल्हापुरात गाडीची कागदपत्रं कुणाच्याही नावावर असोत, ती दारात उभी राहिली की गल्लीची होते. मग तिचं काय करायचं यावर बोलायचा हक्क दूध घालणाऱ्या गवळ्यापासून लाइट बिल टाकून जाणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांना सारखा. नव्या गाडीबद्दल लोक एकदाच बोलतात, 'केवढ्याला पडली?' जुन्या गाडीबद्दल रोज बोलतात. आमच्या दाजींची फियाट १९७१ सालची आहे. आता करा हिशेब.

तिच्या टपावर हात फिरवला की तळहाताला पांढरट भुकटी लागते. बॉनेटचे पोपडे नखाने निघतात. डाव्या मडगार्डावर बोट टेकवून कुणी उभं राहिलं, तर 'बोट काढा' असं दाजी घाईने सांगतात. बोट आत जाईल अशी त्यांना भीती असते. एरवी या सगळ्याला त्यांचं एकच निदान: 'ऊन लागलंय जरा.' इतकी वर्षं तेवढ्यावर भागत होतं. पण एके दिवशी त्यांनी एका जुन्या बातमीचं कात्रण कुठूनसं पैदा केलं, चष्म्याच्या डबीत घडी करून ठेवलं, आणि घराची शांतता गेली.

बातमी खरी होती. केंद्र सरकारने २०२१च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, खाजगी वापरातली आणि मूळ रूपात राखलेली गाडी असेल, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठी उलथापालथ केलेली नसेल, तर तिला व्हिंटेज म्हणायचं. नव्याने नोंदवायची तर वीस हजार रुपये फी आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आधीच नोंदलेलीला आपला जुना नंबर ठेवता येतो. मात्र ही गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढायची नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती, एवढ्याचसाठी रस्त्यावर आणायची.

दाजींनी हे मोठ्याने वाचून दाखवलं. अक्का भाजी निवडत होती. ती म्हणाली, "म्हणजे आत्ता चालतीया तशीच की. दुरुस्तीला जाती, येताना पेट्रोल घेती. नवीन काय सांगितलं सरकारनं?"

दाजींच्या डोक्यात मात्र 'मूळ रूप' हे दोन शब्द जाऊन बसले होते. नियमात रंगाचं नाव नाही, पण रॅलीत गाडी उभी केली की परीक्षक म्हणवणारी मंडळी वाकून वाकून बघतात, हे त्यांना माहीत होतं. आणि सध्याच्या रंगात उभं राहायचं म्हणजे बनियनवर फोटो काढून घेण्यासारखं आहे, हेही त्यांनी मनाशी मान्य केलं होतं. तेव्हा रंगवायची. इथे माझा भाचा, जो पुण्याला शिकतो आणि सुट्टीत येऊन घराला दिशा देतो, तो म्हणाला, "पप्पा, रंग काय मारताय? रॅप करूया. मॅट ऑलिव्ह. एक नंबर दिसतंय."

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "पावणं, ह्यो काय म्हणतोय?"

मेहुण्याला असल्या वेळी उत्तर द्यायचं नसतं. मी चहा घेतला.

दाजींच्या या गाडीबद्दल एक सूचना करून ठेवतो, कारण बाहेरची माणसं इथे पाय घसरून पडतात. तिला 'पद्मिनी' म्हणायचं नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट बाहेर पडू लागल्या. तिथलं 'इलेव्हन हंड्रेड डिलाइट' हे मॉडेल दाजींच्या वडिलांनी नंबर लावून, काही वर्षं वाट बघून, मिळेल त्या रंगात घेतलं. तेव्हा गाडी निवडायची पद्धत नव्हती, गाडी आपल्याला निवडायची. पद्मिनी हे नाव १९७४च्या सुमारास आलं. मशीन तेच, १०८९ सीसीचं. गिअर तसाच स्टिअरिंगच्या दांड्याला. पण 'छान आहे हो तुमची पद्मिनी' असं कुणी म्हटलं की दाजी आत चहा सांगायचं थांबवतात. पद्मिनी म्हणजे मुंबईची टॅक्सी, आमची घरची गाडी आहे, असं त्यांचं म्हणणं. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३च्या ऑक्टोबरात निघून गेली. त्या दिवशी बातम्या बघताना दाजींचे डोळे पाणावले होते, असं अक्का सांगते. दाजी म्हणतात, कांदा चिरत होती ती.

भाच्याने शिरोलीच्या बाजूला असलेल्या एका रॅपच्या दुकानात वेळ घेतली. दुकान कसलं, दवाखानाच. एसी, पांढऱ्या ट्यूबा, जमिनीवर तेलाचा थेंब नाही. दाजी दारात चपला काढू लागले. आतला पोरगा पंचविशीचा, हातात कापडी मोजे. त्याने आम्हाला बसवून सगळं समजावलं, आणि खरं सांगायचं तर छान समजावलं. रॅप म्हणजे पीव्हीसीची पातळ फिल्म, शंभर मायक्रॉनच्या आसपास जाडीची, साधारण पाच फूट पन्ह्याच्या गुंडाळीत येते. पाठीला गोंद असतो आणि त्या गोंदात इतक्या बारीक खाचा असतात की खाली अडकलेली हवा रबरी पट्टीने रेटली की बाहेर निघते, फुगे राहत नाहीत. वळणावर हीटगनने गरम करून ताणायची. स्वस्त फिल्म लाटून काढलेली असते, ती ताणली तरी पुन्हा आकसायला बघते आणि वर्षभरात कडा सोडते. महाग फिल्म ओतून केलेली असते, ती बसली की बसली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे, तो म्हणाला, "नको वाटली तर काढून टाकता येते. खालची गाडी होती तशी."

"होती तशी नको म्हणून तर आलोय," दाजी म्हणाले.

ही फिल्म गाड्यांना पूर्ण गुंडाळायची कल्पना कुठून आली हेही त्या पोराने सांगितलं, आणि तिथे तो चुकला. जर्मनीत टॅक्सीला सरकारने ठरवून दिलेला फिकट हस्तिदंती रंग लागायचा. टॅक्सी विकायला काढली की तो रंग गिऱ्हाईक पळवायचा. म्हणून १९९०च्या दशकात तिथे रंगाऐवजी त्या रंगाची फिल्म लावायला लागले. टॅक्सीपण संपलं की सोलून टाकायची, खाली कंपनीचा मूळ रंग शाबूत. युक्ती मोठी नामी. पण दाजींच्या कानावर त्यातला 'टॅक्सी' एवढाच शब्द पडला. त्यांनी भाच्याकडे असं पाहिलं की त्याला मोबाइलमध्ये तातडीने काहीतरी बघावं लागलं.

मग आम्ही बाहेर गाडीपाशी आलो. पोराने मोजा काढला, डोळे मिटले आणि बॉनेटवरून उघडा तळवा सावकाश फिरवला. वैद्याने नाडी धरल्यावर घरचे जसे त्याच्या तोंडाकडे बघत राहतात, तसे आम्ही तिघे बघत उभे. तळवा मध्येच थांबला, थोडा मागे आला, पुन्हा पुढे गेला. त्याने डोळे उघडले.

"काका, पेंट आधी ओके करून घ्यायला लागेल."

"कशासाठी?"

"फिल्म पातळ असते ना. खालचा खड्डा, पोपडा, सगळं वर दिसतं. आणि गोंदाला धरायला घट्ट रंग लागतो. गंजावर तर लावतच नाही आम्ही, आत ओल धरते."

"म्हणजे पत्र्याचं काम करायचं, लांबी भरायची, घासायचं, प्रायमर मारायचा, रंग मारायचा, आणि मग तुमची फिल्म लावायची?"

"हां."

"आणि रंग चांगला निघाला तर फिल्म कशाला लावू?"

पोरगा प्रामाणिक होता. तो म्हणाला, "मग नका लावू."

या धंद्याची सगळी गोम या एका संवादात आहे, असं माझं मत झालं. ज्या गाडीला रॅप नीट बसतो, तिला त्याची गरज नसते. आणि जिला गरज असते, तिला तो बसत नाही. दोन वर्षांची चकचकीत गाडी घेऊन येणारा मनुष्य सुखाने निळ्याची काळी करून जातो. पन्नास वर्षांची फियाट घेऊन येणाऱ्याला आधी पेंटरकडे पिटाळतात. शिवाय फिल्म दिसते तेवढ्याच भागाला लागते. दार उघडलं की चौकटीत जुना रंग, बॉनेट उचललं की आत जुना रंग. खिडकीची रबरं, दाराच्या क्रोमच्या पट्ट्या हे सगळं काढून पुन्हा बसवायचं, आणि त्या पट्ट्यांच्या क्लिपा एकदा निघाल्या की निघाल्याच. बॉनेट आणि टप उन्हाला तोंड करून असतात, तिथली फिल्म सगळ्यात आधी मान टाकते. आकडा ऐकून दाजींनी तो अक्काला सांगायचा नाही असं दोघांकडून कबूल करून घेतलं.

तरी निघताना पोराने नमुना म्हणून डिकीच्या झाकणाला तळहाताएवढा तुकडा चिकटवला. "घरच्यांना दाखवा, आवडला तर बघू." मॅट ऑलिव्ह. अक्काने पाहिला आणि विचारलं, "हे शेण कुणी लावलं?" तेव्हा भाच्याने जाऊन तो सोलला. फिल्म निघाली. फिल्मच्या पाठीला रंग निघाला. रंगाच्या पाठीला आणखी एक रंग निघाला, आणि त्याच्याही मागून लांबीचा एक नाजूक तुकडा पडला आणि अंगणात त्याचे दोन झाले. खालची गाडी होती तशी, हे पोराचं वाक्य मला फार आठवलं.

आता दाजींची बाजू वर आली. दुसऱ्याच दिवशी आम्ही उद्यमनगरात. इथे एसी नाही, थिनरचा वास आहे. मिस्त्रींनी गाडीभोवती एक फेरी मारली, तंबाखू मळली, आणि खिशातून लोहचुंबक काढलं. जळलेल्या स्पीकरमधून काढलेलं, चांगलं बिस्किटाएवढं, खरचटू नये म्हणून फडक्यात बांधलेलं. टपावर टेकवलं, चिकटलं. दारावर टेकवलं, चिकटलं. डाव्या मडगार्डावर टेकवलं आणि सोडलं, ते सरळ खाली, मिस्त्रींच्या चपलेवर.

"मालक, हितं पत्रा न्हाई."

"न्हाई म्हंजे?"

"म्हंजे लांबी हाय. आमच्याच कुणीतरी उस्तादानं भरलीया, काम झकास केलंय. पण पत्रा न्हाई."

पुढचा अर्धा तास ते चुंबक गाडीभर फिरलं. जिथे ते पडे तिथे मिस्त्री खडूने गोल काढत. शेवटी गाडीकडे बघून वाटलं, हिला रंगापेक्षा अंगाची जास्त गरज आहे. रीतसर काम म्हणजे काय, हे मिस्त्रींनी बोटांवर मोजून सांगितलं: सगळा रंग उतरवून पत्रा उघडा करायचा, सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, ठोकून सरळ करायचा, प्रायमर, मग लांबी पण नखभरच, मग वॉटर पेपर जाड्यापासून बारकापर्यंत, पुन्हा प्रायमर, मग बूथमध्ये रंग. हल्लीचा टू-के, हार्डनर घालून, वरून क्लिअर. तो आरशासारखा चमकतो. दाजींना आरसा नको होता. त्यांना जुना ड्युको हवा होता, ज्याची चमक घासून काढावी लागते आणि जरा खालच्या आवाजात असते.

ड्युको हे एका रंगाचं नाव होतं हे आता कुणाच्या गावी नाही. १९२३ साली अमेरिकेत ड्युपाँने तो आणला. त्याआधी गाडीला वॉर्निशी रंगाचे हात देऊन वाळवण्यात आठवडे जायचे. हा सेल्युलोजचा रंग तासांत वाळू लागला. हेन्री फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात मॉडेल टी फक्त काळीच विकली, त्याला पटकन वाळणारा स्वस्त काळा रंग हेच कारण सांगतात. पटकन वाळण्याचा आणि आमच्या मिस्त्रींचा संबंध नव्हता. किती दिवस लागतील, विचारल्यावर ते गाडीकडे न बघता पावसाकडे बघायचे. आणि खर्च? "उघडल्याबिगर कसं सांगू मालक?" हे वाक्य पोट फाडणारे सर्जन आणि पत्रा फाडणारे मिस्त्री यांनाच शोभतं.

भाचा अजून हरला नव्हता. त्याने मोबाइलवर जॅनिस जॉप्लिन नावाच्या अमेरिकन गायिकेची पोर्शे दाखवली. तिने साठच्या दशकात गाडीवर नखशिखांत फुलपाखरं आणि डोळे असं काय काय रंगवून घेतलं होतं. ती गेल्यावर घरच्यांनी गाडी साध्या रंगात आणली, आणि मग नव्वदच्या दशकात जुन्या फोटोंवरून तेच सगळं पुन्हा रंगवून घेतलं. २०१५ साली लिलावात ती सतरा लाख डॉलरच्या वर गेली. "बघा पप्पा. रंगवलं की परत रंगवायला लागतं. रॅप असता तर नुसता सोलला असता."

दाजींनी चित्र नीट पाहिलं. मग म्हणाले, "दसऱ्याला महाराजांची मेबॅक निघती. दसरा चौकात अख्खं गाव बघायला असतं. तिला कोण रॅप करतंय काय?"

मेबॅक काढल्यावर कोल्हापुरात वाद संपतो. पेंट ठरला.

आणि मग खरा घोळ सुरू झाला. मिस्त्री म्हणाले, "करूया. कलर कुठला?"

"ओरिजिनल."

"ओरिजिनल कुठला?"

दाजी हसले. मग त्यांनी अक्काकडे पाहिलं, अक्काने माझ्याकडे, मी मिस्त्रींकडे. मिस्त्रींनी डिकीच्या उघड्या पडलेल्या जागी पाणी मारलं आणि बारीक वॉटर पेपरने गोल गोल घासायला घेतलं. सावकाश एकात एक कडी उमटू लागली. वर आत्ताचा मळका पांढरा, त्याच्या आत पिस्ता, हा दाजींच्या लग्नाचा. त्याच्या आत निळा, हा कुणालाच आठवेना. मग बदामी. सगळ्यात मध्ये, आठ आण्याच्या नाण्याएवढा, राखाडी. आम्ही सगळे वाकलो.

"राखाडी," दाजी म्हणाले. "बाबांना राखाडी आवडायचाच."

"ह्यो प्रायमर असणार मालक," मिस्त्री म्हणाले. "रंग बदामीच."

"मग निळा कुठला?" मी विचारलं.

तेव्हा अक्काला आठवलं की डिकीचं झाकण या गाडीचं नाहीच. सासऱ्यांच्या काळात एकदा एसटीने मागून ठोकल्यावर सांगलीच्या भंगार बाजारातून दुसरं आणलं होतं. म्हणजे आम्ही इतका वेळ कुणा अनोळखी सांगलीकर कुटुंबाचा इतिहास घासत होतो. दाराच्या चौकटीत घासून बघितलं, तर तिथे पिस्त्याखाली डायरेक्ट पत्रा. आधीच्या पेंटरने कामात कसूर न करता सगळं खरवडून काढलं होतं. डॅशबोर्डखाली बघितलं तर काळा. पेट्रोलच्या टाकीचं झाकण रंग जुळवायला कॉम्प्युटरवाल्याकडे नेतात, ते खोलून नेलं. त्याने मशीन टेकवलं आणि फॉर्म्युला काढून दिला. फॉर्म्युला बरोबर होता, मळक्या पांढऱ्याचा.

मग फोन सुरू झाले. इचलकरंजीचे धाकटे काका म्हणाले, मोतिया. बेळगावच्या आत्या म्हणाल्या, फिक्कट आकाशी, तिच्यातून मी सासरी गेले, मला विचारा. काका म्हणाले, ती सासरी गेली तेव्हा रडत होती, तिला काय दिसलंय. फोटो मागवले. फोटो भरपूर निघाले. गाडीसमोर उभा न राहिलेला एकही नातेवाईक त्या घराण्यात नाही. सगळे ब्लॅक अँड व्हाइट. सगळ्या फोटोंत गाडी राखाडी.

मग कुणालातरी आरसी बुक सुचलं. जुनी, हाताने लिहिलेली, कापडी पाठीची वही. देवघराच्या खालच्या खणातून, जमिनीच्या उताऱ्यांच्या मधून ती बाहेर आली. दाजींनी चष्मा पुसला. मालकाचं नाव होतं, इंजिन नंबर होता, चासी नंबर होता. रंगाचा रकानाही होता. त्याच्यावर कर्ज फिटल्याचा जांभळा शिक्का बसला होता, बरोबर मधोमध, आणि तो मारणाऱ्याने मन लावून दाबला होता. कडेला एक अक्षर तेवढं सुटलं होतं. दाजींना ते 'जी' वाटलं, भाच्याला 'सी', आणि आत्यांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांना ते बेळगावातून 'बी' दिसलं.

रंग बदलला तर आरसीवर नोंद बदलून घ्यावी लागते, डब्यातला रंग असो की चिकटवलेला. आत्ता आरसीवर काय आहे तेच माहीत नाही, तर बदलतोय की तोच ठेवतोय हे तरी कसं कळणार? तेव्हा दाजी त्यांच्या नेहमीच्या एजंटाकडे गेले. मीही होतो. एजंटाने शिक्का उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, वही परत दिली.

"काय टेन्शन घेऊ नका. तुम्ही गाडी रंगवा, गाडीवर दिसंल त्यो कलर लिहून घेऊ."

"व्हय, पण रंगवू कुठल्या कलरनं?"

"आरसीवर असंल त्यानं."